एका हंगामात वाढलेले वाळुंज

पडदा हिरवा होता आणि दोन पुरुष उंच होता. त्याच्याभोवती अर्धे गाव टाचा उंचावून उभे होते. ज्यांना काही दिसत नव्हते ते पुढच्यांना विचारत होते, आणि पुढच्यांनाही काही दिसत नसल्यामुळे ते अधिकच आत्मविश्वासाने उत्तरे देत होते.

"आत उजेड आहे म्हणे. रात्री दिसतो."

"उजेड नव्हे हो, गुणगुणणं. झाडं गुणगुणतात."

पडद्यापुढच्या चौथऱ्यावर वृक्षबंधू उभे होते. हे नाव त्यांचे त्यांनीच ठेवले होते. प्रयोगशाळेत घालतात तसा पांढरा डगला त्यांनी चढवला होता. पूर्वी हे गृहस्थ दारोदार पाणी गाळण्याची यंत्रे विकत. यंत्रे खपेनात, तेव्हा त्यांनी यंत्र वगळून नुसते पाणीच विकायला काढले आणि त्याला 'जागृतजल' हे नाव दिले. हा बदल व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचा होता, कारण यंत्र बिघडले की गिऱ्हाईक तक्रार करते. पाणी बिघडत नाही.

"झाड म्हणजे काय?" वृक्षबंधूंनी विचारले. "झाड म्हणजे उभं राहिलेलं पाणी! पाणी म्हणजे काय? वाहणारी आठवण! या आठवणीला मी जागं केलं. खत नाही, औषध नाही, फक्त संकल्प. ज्याला शास्त्रज्ञ सात वर्षं घेतात, ते जागृतजलानं एका हंगामात केलं!"

निवृत्त मुख्याध्यापकांनी डोळे मिटून मान डोलावली. 'उभे राहिलेले पाणी' ही व्याख्या कोणा विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिली असती, तर याच गृहस्थांनी त्याचे कान पिळले असते.

दोरी ओढली. पडदा कोसळला. मागे वाळुंजाचे सरळसोट फोक दाटीने उभे होते, माणसाच्या दुप्पट उंच आणि अंगठ्याएवढे जाड. हंगामाच्या आरंभी याच जागी, सर्वांच्या देखत, वृक्षबंधूंनी टोकाला लाल रंग लावलेल्या वीतभर काड्या रोवल्या होत्या. गर्दीतून असा हुंकार निघाला की झाडावरचे पक्षी उडाले. किराणा दुकानदार, म्हणजे वृक्षबंधूंचे पट्टशिष्य, चक्क रडू लागले.

"अहो, बघा तरी!" माझ्या पत्नीने मला कोपराने ढोसले. "तुम्ही म्हणालात काही होणार नाही म्हणून."

"काहीतरी झालं आहे, हे मला दिसतंय," मी म्हणालो. "काय झालं आहे, ते अजून दिसलेलं नाही."

"तुम्ही उकळत्या पाण्याकडेही दाखला मागाल," ती म्हणाली. खिडकीतल्या कुंड्यांसाठी तिने जागृतजलाची एक बाटली घेतली होती. कुंड्या त्यानंतर महिन्याभरात वाळल्या होत्या, पण तो दोष तिने उन्हाला दिला होता.

माझी उभी हयात बॉयलरघरात गेली आहे, म्हणून वाळुंजाचे प्रकरण थोडक्यात सांगतो. हे पाणथळ जमिनीत वाढणारे, लवचिक फोकांचे झाड. पूर्वी त्याच्या फोकांच्या टोपल्या विणत. आता ते दाट लावतात, दर तीन वर्षांनी जमिनीलगत कापतात, त्याचा चुरा करतात आणि कोळशाऐवजी तो बॉयलरमध्ये जाळतात. झाड मरत नाही. जमिनीत राहिलेल्या खुंटाला नवे फुटवे येतात आणि पीक पुन्हा उभे राहते. कोणते वाण कोणत्या जमिनीत तगते, रोगाला कोणते बळी पडते, हे ठरवण्यासाठी चार देशांनी मिळून एक प्रयोग आरंभला होता. तीच वाणे, तीच मांडणी, तीच मोजमापाची रीत. त्यातला एक वाफा आमच्या गावच्या संशोधन केंद्रात होता आणि गेली सात वर्षे तो माझी सून सांभाळत होती. चारांपैकी एक वाफा गेला, की उरलेल्या तिन्हींच्या आकड्यांना तुलनाच उरत नाही.

आणि तो वाफा त्याच दिवशी जायचा होता. खुंट फोडण्याचे यंत्र जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यापलीकडे सुनेच्या वाफ्याच्या कडेला उभा होता. केंद्राचे संचालक वृक्षबंधूंना शब्द देऊन बसले होते: पडदा पडल्यावर चमत्कार खरा ठरला, तर जुना प्रयोग उखडायचा आणि सगळी जमीन जागृतजलाखाली आणायची. प्रयोगात सहभागी असलेल्या परदेशी संस्थेच्या एक बाई मुद्दाम पाहणीला आल्या होत्या. त्यांच्या साक्षीने वृक्षबंधूंचे आकडे चारही देशांच्या सामाईक नोंदीत चढले, की पुढे त्यांना अडवणारे कोणी नव्हते. पाण्याला चार देशांचा शिक्का म्हणजे दुधात साखर.

संचालक चौथऱ्यावर चढले. हे गृहस्थ वाळुंजाच्या केंद्राचे प्रमुख होते, पण त्यांच्या बुटांना चिखल लागलेला कोणी पाहिला नव्हता.

"शंका घेणाऱ्यांसाठी सांगतो," ते म्हणाले, "मी पाहुण्यांच्या देशातले आकडे पाहिले आहेत. त्यांच्याकडेसुद्धा एक वर्षाच्या वाळुंजाची उंची बरोबर एवढीच भरते! म्हणजे वृक्षबंधूंचं म्हणणं आंतरराष्ट्रीय विज्ञानाला धरूनच आहे."

टाळ्या पडल्या. सून माझ्या शेजारून पुढे गेली.

"साहेब, ते एक वर्ष फुटव्याचं आहे, झाडाचं नाही. त्यांची रीत अशी की कापणीनंतर वय पुन्हा एकपासून मोजायचं. वरचा फोक एक वर्षाचा असतो, खालचा खुंट पाच-सहा वर्षांचा. आपण यांच्या नव्या काडीची तुलना जुन्या खुंटाच्या फुटव्याशी करतोय."

"बाई, आत्ता तांत्रिक तपशिलाची वेळ नाही."

"तपशील नाही साहेब. सगळा प्रश्नच तो आहे."

"जळतात हो, जळतात!" मागून कोणी ओरडले. "सात वर्षं झोपा काढल्या, म्हणून पोटात दुखतंय!"

लोक हसले. सुनेचा चेहरा उतरला, पण ती जागची हलली नाही. संचालकांना आपली चूक कळली की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. पदावर असलेल्या माणसाला स्वतःची चूक कळायला पदावरून उतरावे लागते, असा माझा अनुभव आहे.

तेवढ्यात पाहुण्या बाई सुनेशी काही बोलल्या. त्यांची भाषा आम्हांला येत नव्हती. सुनेने ते सर्वांना सांगितले.

"त्या म्हणतात, झाडं सुरेख आहेत. नोंद करायला त्यांची हरकत नाही. फक्त चारही देशांचा नियम आहे की नव्या वाफ्यातलं एक झाड मुळासकट काढून तोलायचं. मुळांचं वजन नसेल तर नोंद होत नाही."

वृक्षबंधूंचे हसू तसेच राहिले, पण डोळ्यांतून निघून गेले.

"मुळासकट? छे छे!" ते म्हणाले. "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपले वाडवडील सांगून गेलेत. मुळाला उजेड लागला की संकल्प तुटतो. सगळी झाडं आजच्या आज माना टाकतील!"

"मग नोंद होणार नाही," सून शांतपणे म्हणाली.

"उद्या पाहू. आधी ट्रॅक्टरला काम करू द्या."

सुनेच्या मुठी वळल्या. ट्रॅक्टरचालकाने यंत्र सुरू केले होते. एकदा ते खुंट फुटले, की उद्या काय निघाले याला अर्थ उरणार नव्हता. संचालकांनी हात उचलला. खूण नेमकी ट्रॅक्टरला होती की घाम पुसण्यासाठी होती, हे त्यांनाच ठाऊक.

आता जे घडले ते आम्हां शंकेखोरांच्या कर्तबगारीने घडले, असे लिहायला मला आवडले असते. तसे नव्हते. वृक्षबंधू बुडाले ते आपल्या भक्तांच्या भक्तीत.

"वर एवढं असेल, तर खाली केवढं असेल!" किराणा दुकानदार डोळे पुसत म्हणाले. "बंधू, मूळ दाखवा! या अविश्वासू लोकांची तोंडं कायमची बंद होऊ देत!"

"हो, मूळ दाखवा!"

"मला मुळाचा तुकडा पाहिजे, माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी!"

"अहो मंडळी, शांत व्हा," वृक्षबंधू दोन्ही हात पसरून म्हणाले, "श्रद्धा असेल तर पाहायची गरज काय?"

"श्रद्धा आहे म्हणूनच पाहायचंय, बंधू!" दुकानदार म्हणाले आणि जवळचे फावडे त्यांनी उचलले.

माझी पत्नी मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, झाडच तर आहे. एवढं काय लाजायचं त्यानं?"

या वाक्याला टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत दहा-बारा भक्त आत घुसले. वृक्षबंधू "कडेचं घ्या, मधलं नको!" असे ओरडत राहिले. कडेला खरोखरच दोन-चार किरकोळ रोपे होती, माझ्या कमरेला लागतील एवढी. त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. भक्तांनी सर्वांत उंच, सर्वांत दाट झुबका निवडला. भक्ताला नेहमी मोठा चमत्कार हवा असतो.

माती चार बोटांवर संपली. फावडे कशाला तरी आदळले आणि खणकन परतले.

"दगड आहे," दुकानदार म्हणाले.

"दगड नाही," सून म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली आणि हाताने माती बाजूला सारू लागली.

खाली काळा, गाठाळ, मांडीएवढा जाड खुंट होता. माथा करवतीने सपाट कापलेला. त्याच्या कडेने सात-आठ फोक एकाच ठिकाणाहून फुटले होते, आणि बुडाशी प्रत्येकाला कोयत्यासारखा बाक होता. खुंटाच्या अंगावर जुन्या कापण्यांचे व्रण एकावर एक चढले होते. आणि त्याच्या शेजारी, मातीत उभी, टोकाला लाल रंग लावलेली एक वीतभर काडी होती. वृक्षबंधूंनी समारंभपूर्वक रोवलेली तीच ही काडी. दुकानदारांनी ती उचलली तशी बोटांत मोडली. आत बुरशी होती.

"ही तुमच्या हातची, बंधू?" त्यांनी विचारले. आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

"जागृतजलानं एका हंगामात खोड एवढं जाड केलं!" वृक्षबंधू उसळून म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि खेदाने नमूद करतो, दोघा-तिघांनी यावरही माना डोलावल्या.

सुनेने करवत मागवली आणि खुंटाचा एक आडवा काप काढला. पाहुण्या बाई वाकून बोटाने वलये मोजू लागल्या. मोजता मोजता त्या थांबल्या, सुनेकडे पाहून हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.

"झाडात दर वर्षाला एक वलय पडतं," सून लोकांकडे वळून म्हणाली. "हा खुंट संचालकसाहेबांच्या नोकरीपेक्षा जुना आहे. इथं पूर्वी टोपल्यांचा कारखाना होता. त्यांनी फोकांसाठी वाळुंज लावलं होतं. कारखाना बंद पडला, झुडपं माजली. यांनी जागा मागितली, यंत्र आणून झुडपं जमिनीलगत कापली, वर माती पसरली, त्याला 'भूमिशुद्धी' म्हणाले, आणि मग तुम्हांला बोलावून मधल्या जागेत काड्या रोवल्या. काड्या कुजल्या, कडेच्या दोन-चार तेवढ्या कमरेपर्यंत आल्या. वर आला तो जुन्या मुळांत साठलेल्या अन्नाचा जोर. माझ्या वाफ्यातले फुटवेही कापणीनंतरच्या पहिल्या वर्षी एवढेच वाढले होते. तुम्ही रोज त्या रस्त्यानं जात होता. पडदा नव्हता, म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत."

त्या जागी झुडपे होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. झुडपांना मुळे असतात, एवढे मात्र कोणाला आठवले नव्हते. शास्त्र न कळणे हा अपराध नव्हे. पण ठाऊक असलेली गोष्ट, समोर डगला उभा राहिला म्हणून विसरणे, याला मी अडाणीपणा म्हणत नाही. तो आळस आहे.

वृक्षबंधू डगला सावरत चौथऱ्यामागून निघाले. मुख्याध्यापकांनी त्यांना वाट करून दिली, अदबीने. एक बाई त्यांच्यामागे धावत गेली आणि विचारू लागली, "पण बंधू, गुडघ्यांना तरी चालेल ना?"

ट्रॅक्टर अजून गुरगुरत होता. सून संचालकांसमोर जाऊन उभी राहिली. संचालकांनी इकडेतिकडे पाहिले, घसा साफ केला आणि चालकाला ओरडून सांगितले, "बंद कर रे! आणि ते घेऊन जा परत. मी आधीपासूनच म्हणत होतो, घाई नको."

"आणि हा वाफा?" त्यांनी मग हळूच विचारले. "सपाट करून टाकू या ना? बदनामीची जागा."

"मुळीच नाही," सून म्हणाली. ती खुंटावर माती परत ओढत होती. "या पाणथळात, कोणी लक्ष न देता, इतकी वर्षं हे वाण तगलंय साहेब. कोणतं वाण आहे, आपल्याला ठाऊकसुद्धा नाही. आम्ही सात वर्षं असंच तर शोधतोय." पाहुण्या बाईंनी तोवर खिशातून छाटणीची कात्री काढलीच होती. फोकांचे तुकडे चार भागांत बांधले जाऊ लागले, चार देशांसाठी. दुकानदार जुड्या धरायला पुढे आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते.

वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. नवल वाटू द्या, त्यात कमीपणा नाही. पण नवल दाखवणाऱ्याला तीन गोष्टी जरूर विचारा: इथे आधी काय होते, तुमच्या मंत्राशिवाय शेजारी काय उगवले, आणि खणून पाहू का? जो खरा आहे तो फावडे आणून देईल, आणि आपले चुकले असेल तर तेही दूरदेशीच्या सहकाऱ्यांना कळवील. जो 'उद्या' म्हणेल, त्याचे ऐकून घरी जाऊ नका. आजच खणा, कारण उद्यापर्यंत कोणाचा तरी सात वर्षांचा वाफा उखडलेला असेल.