एकविसावी पट्टी

माझ्यावर पितळेच्या एकवीस पट्ट्या आहेत. वीस पट्ट्यांवरची अक्षरं अजून धारदार आहेत. शेवटच्या पट्टीवरची मात्र बोटाला जेमतेम लागतात. तिच्या शेजारी दोन रिकामी भोकं आहेत, एकमेकांपासून बरोबर सत्तर मिलिमीटरवर.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती कॉलेजच्या प्रार्थनागृहात मी जवळजवळ ऐंशी वर्षं भिंतीवर आहे. त्याआधी मी याच आवारातलं अक्रोडाचं झाड होतो.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा या कॉलेजची फार ओढाताण झाली. वर्गात शिकवलं जायचं, शत्रूवरही प्रेम करा. आणि वर्गाबाहेर पोस्टमन भरतीचे हुकूम घेऊन उभा असायचा. सकाळच्या प्रार्थनेला एकेक बाक रिकामा होत गेला. कार्ल आणि वॉल्टर एकाच खोलीत राहायचे. कार्ल सैन्यात गेला. वॉल्टरने बंदूक हातात धरायला नकार दिला, म्हणून सरकारने त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात कामाला लावलं. कार्ल इटलीत मारला गेला. वॉल्टर रुग्णांची सेवा करता करता क्षयाने गेला.

युद्ध संपल्यावर सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी मला घडवलं. त्यांनी माझ्यावर बावीस पट्ट्या बसवल्या आणि या दोघा मित्रांना शेजारी शेजारी ठेवलं. लोक टोपी काढून माझ्यापुढे उभे राहत. मला फार अभिमान वाटे.

तो नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी कार्लचे वडील आले. माझा मुलगा लढून मेला, त्याच्या शेजारी न लढलेल्याचं नाव नको, असं ते म्हणाले. मास्तरांची चूक एवढीच, की त्यांनी कॉलेजचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला विचारलं नव्हतं. इथलं मंडळ मतं मोजत नाही. कुणाची हरकत आहे का, असं अध्यक्ष विचारतात. सगळे गप्प राहिले तर ठराव मंजूर. एकानेही हरकत घेतली तर विषय पुढच्या वर्षावर. वॉल्टरची पट्टी काढली गेली आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या हातात दिली गेली. लोइस तेव्हा चौदा वर्षांची होती.

त्यानंतर दर मे महिन्यात लोइस मंडळाच्या बैठकीला पर्समध्ये ती पट्टी घेऊन यायची. दर वर्षी विषय निघायचा, हरकत यायची. आधी कार्लच्या वडिलांची, मग त्यांचा नातू डेनिस याची. त्याने आजोबांना शब्द दिला होता. आणि दर वर्षी, कुणी यायच्या आधी, लोइस रुमालाने कार्लची पट्टी पुसत राहायची. हे फक्त मी पाहत होतो. मला तोंड नव्हतं.

हळूहळू विद्यार्थी कमी झाले. माझ्या चौकटीवर पिझ्झा पार्टीची सूचना डकवलेली असायची. आणि या जूनमध्ये कॉलेजच कायमचं बंद होणार असं ठरलं. मी चर्चच्या गोदामात जाणार होतो. तिथे कोण येणार पट्टी लावायला?

वस्तूंची यादी करायला नेत्रा आली. ती मूळची पुण्याची, इथे रसायनशास्त्र शिकवणारी, मंडळातली सर्वांत नवी सदस्य. तिची मुलगी आन्या सोबत होती.

"मम्मा, इट्स जस्ट अ बोर्ड. फोटो काढ ना, डन."

"एकच पट्टी झिजलीये, आन्या. बाकीच्या वीस नाहीत. का ते कळायला हवं."

तिने मोजपट्टी धरून भोकांमधली अंतरं मोजली आणि वहीत लिहिली. मला ओरडून सांगावंसं वाटलं. लाकडाला ओरडता येत नाही.

शेवटची बैठक माझ्यासमोरच भरली. त्र्याण्णव वर्षांची लोइस व्हीलचेअरवर होती. तिला आता फारच कमी ऐकू येतं, म्हणून ही एकच पट्टी का झिजली, हा आपला प्रश्न नेत्राने कागदावर लिहून तिच्यासमोर धरला. लोइसने तो वाचला आणि पर्समधली पट्टी काढून मांडीवर ठेवली.

"वॉल्टरची पट्टी मी घरी पुसायचे. इथे त्याचा मित्र एकटाच होता."

डेनिस उठून माझ्यापाशी आला. ज्या पट्टीवर त्याने आयुष्यभर हरकत घेतली तिच्या रिकाम्या जागेशेजारची, आपल्याच काकाची पट्टी त्याने पहिल्यांदा बोटाने चाचपून पाहिली. आमच्या घरातून हिला कुणी कधी हातही लावला नाही, असं तो हळूच म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसत जा. पण त्यांच्यावर काय लावायचं राहून गेलंय, तेही विचारत जा. सांगणारं माणूस समोर बसलेलं असतं, तोवरच ते विचारता येतं.

अध्यक्षांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कुणी काही बोललं नाही. डेनिसही नाही. रीतीप्रमाणे ठराव मंजूर झाला होता. पण लोइसला ती शांतता कशी ऐकू जाणार? तिने सवयीने पट्टी पर्समध्ये ठेवली, चेन ओढली आणि विचारलं, "मग, पुढच्या वर्षी?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पुढचं वर्ष नव्हतंच.

डेनिस तिच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला, तिच्या कानाशी वाकला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "नाही, लोइस. आज. वॉल्टरचं नाव आज लावायचंय."