कात्री मीच पाडली

मी एक म्हातारी मांजरी आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते की कात्री मीच पाडली. बटणांची बरणी, खडूची डबी, सुनेच्या माहेरून आलेला फुलाफुलांचा कप, तेही मीच पाडले. धक्का लागून नाही, चुकून नाही. पंजा लावला, माणसाकडे बघितले आणि ढकलले. आपली कहाणी सांगणाऱ्याने शेवटी डोळे पुसावेत अशी रीत आहे म्हणे. मी पुसणार नाही. मला जे म्हणायचे होते ते मी म्हटले, आणि समोरच्याला कळेपर्यंत म्हणत राहिले.

माझा जन्म चिंध्यांच्या पोत्यात झाला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या घरामागे, जिन्याखाली, कातरणांनी भरलेली पोती असत. त्यांतल्या एका मऊ पोत्यात आईने आम्हाला ठेवले होते. डोळे उघडले नव्हते तेव्हा आम्ही सारखे 'मिऊ मिऊ' करायचो. थंडी वाजली की मिऊ, भूक लागली की मिऊ. मोठे होऊ लागलो तशी आईने त्याला उत्तर देणे सोडले. शहाण्या मांजराने दुसऱ्या मांजरापुढे म्याव म्याव करत बसायचे नसते. शेपटी आहे, कान आहेत, मिशा आहेत, अंगाचा वास आहे. एवढ्यात आमचे सगळे बोलून होते. भांडणाची भाषा वेगळी. तिच्याबद्दल शेजाऱ्यांना विचारा.

एके दिवशी पोते रिकामे करताना निळ्या कापडाच्या तुकड्यांबरोबर मी त्या बाईच्या हातात आले. पांढरे अंग आणि कुशीवर काळा चौकोन. ती म्हणाली, "हिला तर कुणीतरी ठिगळ लावलंय." तेव्हापासून मी ठिगळी. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची, म्हणून मीही काकूच म्हणते.

काकूचा हात मायेचा होता, पण आमच्या भाषेत ती अगदीच अडाणी होती. मी कान मागे घेतले, म्हणजे 'आता पुरे', तरी ती पोटावरून हात फिरवतच राहायची. शेपटी आपटली तर म्हणायची, "खुशीत आहे स्वारी." आणि वास तर तिला येतच नसे, एवढे मोठे नाक असून. मग मी माझे लहानपणीचे, टाकून दिलेले शब्द पुन्हा बाहेर काढले. हे नीट ऐका, कारण तुम्हाला कुणी सांगत नाही. तुम्ही ज्याला मांजराची भाषा म्हणता, ती मांजराची भाषा नव्हे. ती आम्ही तुमच्यासाठी बनवलेली आहे. तीही घरोघरी वेगळी.

मी लांब म्याव केले. काकूने पाणी ठेवले. मला पाणी नको होते. आखूड केले, तिने दाराकडे पाहिले. बरे, मग आखूड म्हणजे दार. घुरघुर करता करता मध्येच एक बारीक टोचरा सूर लावला, तशी ती हातातली शिलाई टाकून माझी ताटली शोधू लागली. तो सूर मी जपून ठेवला. आणि तोंड नुसते उघडायचे, आवाज काढायचाच नाही, हे तर मासळीच्या दिवशीचे अस्त्र. ते वाया गेलेले मला आठवत नाही. काकूही उत्तर द्यायला शिकली. "हो गं बाई, आले," "थांब, बाही लावते आणि उठते," असे ती म्हणायची, आणि मीही थांबायची. दोघींनी मिळून जमवलेली ती बोली होती. मशीनच्या खडखडाटातही ती तिला ऐकू जायची.

ती माझी उमेदीची वर्षे. कापडाच्या ठाणांना उंदराचा दात लागू दिला नाही. कापड बेतायच्या कागदांवर जाऊन बसणे हेही माझेच काम. गिऱ्हाइकांना वाटे, मांजर ऊब शोधते आहे. मी म्हणत होते, काकू, उठ, सकाळपासून वाकलेली आहेस. ती उठायची, पाठ सरळ करायची. येणारेजाणारे म्हणत, "ठिगळीला सगळं कळतं हो." मला तर पहिल्यापासूनच कळत होते. आता काकूला कळू लागले होते, हे कुणी म्हणेना.

आणि ती म्हण. मांजर डोळे मिटून दूध पिते, तिला वाटते जगाला दिसत नाही. ज्याने ही म्हण केली त्याने मांजराकडे एकदाही नीट पाहिलेले नसणार. मी काकूसमोर डोळे मिटायची ते लपायला नव्हे. ज्याच्यापुढे डोळे मिटले तरी भीती वाटत नाही, त्याच्यापुढेच आम्ही ते मिटतो. काकू मग चष्म्याआडून आपलेही डोळे सावकाश मिटायची. ते तिला कुणी शिकवले नव्हते.

पुढे काकूचे केस पांढरे झाले. मुलाचे लग्न झाले. मुलगा छापखान्यात रात्रपाळीला जायचा आणि दिवसा झोपायचा. सून औषधांच्या दुकानात काम करायची. घर भरले, आणि त्याच सुमारास माझे शब्द चालेनासे झाले.

आधी दाराचा शब्द गेला. मी मागून आखूड हाक दिली. काकू शिवतच राहिली. रागावली असेल, म्हणून मी पुढे जाऊन बसले. मला पाहताच तिचा चेहरा फुलला. मग भुकेचा बारीक सूर गेला. मी आवाज चढवला. तो काकूपर्यंत पोचला नाही, पण झोपलेल्या मुलापर्यंत पोचला. तो उशीखाली डोके घालून म्हणायचा, "हिला झालंय तरी काय? वाघाची मावशी म्हणून काय वाघासारखं ओरडायचं?"

तुम्ही काय केले असते? गप्प बसला असता ना? मी नाही बसले. कान चालत नसतील, तर डोळे आहेत. काकू कापड कापत होती, मी कात्री टेबलाच्या कडेला आणली आणि तिने पाहावे म्हणून थांबले. ती पाहीना. पाडली. टेबल हलले, जमिनीचा हादरा तिच्या पायाला लागला आणि तिने मान वळवली. मी दाराकडे पाहिले. ती आधी रागावली, मग दाराकडे पाहून उठली आणि कडी काढली. आमची बोली परत सुरू झाली होती.

घरच्यांना मात्र फक्त फुटलेला कप दिसला.

मी आणखीही काही पाहत होते. काकू आता प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायची, "जरा उजेडात या, माप नीट घेता येतं." माप तिला अंधारातही घेता आले असते. तिला त्यांचे ओठ पाहायचे होते. एकदा एक बाई आरशाकडे तोंड करून काहीतरी सांगत राहिली, आणि काकू पाठीमागे गुडघे टेकून "हो, हो" म्हणत राहिली. त्या बाईला कोट आखूड हवा होता. तो लांब झाला. बाईने घर डोक्यावर घेतले. मग शेगडीवरचे दूध उतू गेले, कुणी दार वाजवून वाजवून परत गेले, आणि मुलगा सुनेला म्हणाला की आई विसरायला लागली आहे.

त्याने जेवताना विषय काढला. मशीन आता विकून टाकू, तिने पुष्कळ केले, आता आराम करावा. त्याचा हेतू वाईट नव्हता. काकूने त्याच्या तोंडाकडे पाहून प्रत्येक शब्द वेचला. मग ती उठली, मशीनपाशी गेली आणि सुईत दोरा ओवला. पहिल्याच फटक्यात.

"ज्या दिवशी हे जमणार नाही, त्या दिवशी वीक," ती म्हणाली.

मशीनचे तिथेच राहिले. पण माझे ठरले. मुलाने धान्याच्या गोदामवाल्याशी बोलणे केले होते. त्याला उंदरांसाठी मांजर हवेच होते. सून म्हणाली, आधी डॉक्टरला तरी दाखवू. तिने दुकानात कुणाकडून तरी ऐकले होते की बहिरे झालेले मांजर असेच मोठमोठ्याने ओरडते. मुलगा म्हणाला, ठीक आहे, रस्त्यातच आहे. दाखवू आणि तसेच पुढे गोदामात सोडू. हे बोलताना त्याने काकूकडे पाठ केली होती. काकूला वाटले, ठिगळीला नुसते तपासायला नेत आहेत. तिने टोपलीत तिची जुनी शाल घातली आणि तीही निघाली.

जनावरांच्या डॉक्टर म्हणजे एक बुटक्या बाई होत्या, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर ओरखडे. त्यांनी मला टेबलावर काढले, कान उलटून पाहिले, आणि माझ्या पाठीमागे कागद चुरगाळला. माझा एक कान तिकडे गेला. दुसऱ्या बाजूला नखाने टकटक केले. दुसरा कान गेला. मान वळवायचे कष्ट मी घेतले नाहीत.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "वय किती हिचं?"

प्रश्न काकूला होता. काकू खाली वाकून माझ्या हनुवटीखाली खाजवत होती. डॉक्टरांनी पुन्हा विचारले. मुलगा म्हणाला, "आई, त्या विचारतायत." काकू खाजवत राहिली.

तेव्हा मी ओरडले. गोदामाच्या भीतीने नव्हे. वर्षभर जे सांगत होते, ते सांगायला आता योग्य माणूस समोर होता. काकूच्या कानापाशी तोंड नेऊन मी छातीतला सगळा दम लावला. बाहेर बाकावर बसलेले कुत्रेसुद्धा उठून उभे राहिले. मुलाने कानांवर हात ठेवले. काकूने मान वर केली नाही. माझ्या मिशा तिच्या गालाला लागल्या तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "गुदगुल्या करतेस होय?"

डॉक्टरांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि काकूच्या पाठीमागे जाऊन पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकला. मुलगा दचकला. मी दचकले. काकूचा हात माझ्या पाठीवरून तसाच सावकाश फिरत राहिला.

मुलगा आईकडे बघत राहिला. मग तो टेबलाला वळसा घालून तिच्या समोर आला, उजेडात, आणि म्हणाला, "आई, तुला ऐकू येत नाही?"

काकूने आधी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "विसरत नाही मी काही," ती म्हणाली. "सगळं लक्षात आहे माझ्या. पण बहिरी म्हटल्यावर कापड कोण टाकणार माझ्याकडे? आणि तू तर टपलेलाच आहेस मशीन विकायला."

"अगं पण सांगायचं तरी."

"ही सांगत होती की."

डॉक्टर ट्रेमधल्या किल्ल्या उचलत म्हणाल्या, की या रोग्याला जनावरांच्या दवाखान्यात औषध नाही, पण घरातल्यांनी माणसांचा डॉक्टर लवकर गाठावा. त्या पैसे घेईनात; म्हणाल्या, जनावराला झालेलेच काही नाही तर तपासणी कसली.

परतीच्या वाटेवर गोदाम लागले. गोदामवाला दारातच उभा होता. त्याने टोपलीकडे पाहून विचारले, "आणलंत का मांजर?"

मुलगा थांबलासुद्धा नाही. "उंदरांसाठी दुसरं बघा," तो म्हणाला. "हिला घरीच काम आहे."

काकूच्या कानांत आता यंत्र आले आहे. पहिल्या दिवशी ती कंगाल झालेल्या माणसाला खजिना मिळावा तशी घरभर फिरली. नळ सोडून बघितला, कापड फाडून बघितले. मी मागे उभी राहिले आणि दाराचा जुना, आखूड शब्द हळूच उच्चारला. ती वळली. "आले गं बाई," म्हणाली. एवढ्याशा वाक्यासाठी मी किती थांबले होते ते तुम्हाला सांगून कळायचे नाही. मशीन विकायचे नाव पुन्हा कुणी काढले नाही. गिऱ्हाईकही गेले नाही. आता काकू त्यांना सरळच सांगते, "समोर येऊन बोला, नाहीतर बाही लांब होईल."

पण मशीन चालवताना ते यंत्र तिच्या कानात फार खडखडते, म्हणून शिवताना ती ते काढून डबीत ठेवते. मग मी काय करते? टेबलावर चढते. सून अजूनही म्हणते, ही खोड काही गेली नाही. जाणारही नाही. मित्रांनो, तुमच्या घरचे मांजर, कुत्रे, पोपट, जे कुणी असेल ते एकाएकी बिघडले असे वाटले, तर त्याला टोपलीत घालण्याआधी एकदा विचारा, ते काय म्हणते आहे आणि घरात ते कुणाला ऐकू येत नाही. आम्ही तुमच्यासाठी एक आख्खी भाषा बनवली. तेवढे तुम्ही करू शकता. ही विनंती नाही.

काकू शिवायला बसते तेव्हा आधी कात्री उचलून खणात ठेवते. मग एक रिकामे लाकडी रीळ घेते आणि टेबलाच्या अगदी कडेला, माझ्या पंजाजवळ, उभे करून ठेवते.