दोन्या लेओनोरची पर्स

टक्.

दुपारच्या जेवणानंतर स्पेनमधलं सगळं उब्रिके गाव पडदे ओढून झोपलेलं असतं. एन्कार्नाही खुर्चीतच पेंगत होती. आवाजानं तिनं डोळे उघडले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहून तिची आठ वर्षांची रेयेस पर्सचा सोनेरी खटका उघडत होती आणि मिटत होती.

"रेयेस, हात धुतलेस का?"

"धुतले. पुसलेपण."

"तरी ठेव खाली. ती आपली नाही."

"माहितीये गं. दोन्या लेओनोरची आहे. मी नुसता आवाज ऐकतेय. ही पर्स आली तेव्हा म्हाताऱ्या माणसासारखी खोकायची."

एन्कार्नाला हसू आलं. खरंच खोकायची. फेब्रुवारीत दोन्या लेओनोर स्वतः सेव्हियाहून ती घेऊन आल्या होत्या, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. नोटरीसाहेबांच्या त्या विधवा; दोन्या म्हणजे बाईसाहेब. चाळीस वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं दिलेली, लाल वाइनच्या रंगाची, वासराच्या कातड्याची पर्स. मूठ तुटलेली, कोपरे घासून पांढरे पडलेले, खटका काळवंडलेला, आणि आतलं अस्तर वितळलेल्या गोळीसारखं बोटांना चिकटणारं. "नवी करू नका हं," त्या म्हणाल्या होत्या. "बरी करा."

एन्कार्नानं ती बरी केली. रेयेस शाळेत असताना, डाळ शिजेपर्यंत, कपडे वाळेपर्यंत, असे इकडून तिकडून उचललेले तास जोडून. अस्तर उसवून, खरवडून काढलं आणि बकरीच्या मऊ कातड्याचं नवं घातलं. कोपऱ्यांवर रंग बोटानं चोळला, थोडा थोडा, जुन्या रंगात तो हरवून जाईपर्यंत. खटक्याला कादिझहून सोन्याचं पाणी देऊन आणलं. मूठ नवी कापली, मेण लावलेल्या दोऱ्यानं दोन सुयांनी शिवली, आणि पर्सला जोडताना एकही नवं भोक पाडलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी कुणाची तरी सुई जिथून गेली होती, तिथूनच तिची गेली.

उब्रिकेत घराघरात कातडं शिवतात. जगातल्या बड्या बड्या नावांच्या पर्सा इथं तयार होतात आणि ती नावं इथं कुणी मोठ्यानं घेत नाही. बायका म्हणतात, मी फ्रेंचांकडे आहे, मी इटालियनांकडे. एन्कार्नाची सासू आंगुस्तियास तीस वर्षं फ्रेंचांकडे होती. तिच्या हातून किती पर्सा गेल्या असतील आणि कुणाकुणाच्या हातात लटकल्या असतील, देव जाणे. तिच्या स्वतःच्या हातात जन्मभर कापडी पिशवी.

रविवारी चर्चमध्ये रेयेसचं पहिलं कम्युनियन होतं, पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी. दोन्या लेओनोर बुधवारी पर्स न्यायला येणार होत्या.

कम्युनियनचा पांढरा झगा नणंदेच्या, चेलोच्या मुलीचा होता. चेलोनं तो दिला तो चार बायकांसमोर. "घे गं वहिनी, पडूनच होता. कमरेत आवळून घे, रेयेस म्हणजे नुसती काडी. बूट आहेत ना, की तेही मीच बघू?" बूट शेजारणीकडून आले. एन्कार्नाचा स्वतःचा निळा ड्रेस बहिणीचा होता. आणि तिचा नवरा कुरो लॉरी घेऊन जर्मनीत होता. येतो येतो म्हणता म्हणता शनिवारी त्याचा फोन आला, की जमत नाही.

रविवारी सकाळी रेयेसच्या केसांत फुलं खोवून झाल्यावर एन्कार्नानं आरशात पाहिलं. अंगावर बहिणीचं, लेकीच्या अंगावर भाचीचं, शेजारी नवरा नाही, आणि हातात आठवडी बाजारातली, कोपरे सोललेली रेक्झिनची पर्स. दिवसभर लोकांच्या पर्सा शिवणाऱ्या बाईच्या हातात. टेबलावर ती दुसरी बसली होती, खिडकीतल्या उन्हात, नुकतं क्रीम लावलेली. फक्त हातपंखा आणि रुमाल ठेवायला, एन्कार्नानं स्वतःला सांगितलं. तासाभराचा तर प्रश्न.

रेयेसनं पाहिलं. रस्त्यात ती आईच्या त्या हाताशी न चालता दुसऱ्या हाताशी आली.

दुसऱ्या कुठल्या गावात कुणाचं लक्षही गेलं नसतं. पण उब्रिकेत लोक आधी हातात काय आहे ते बघतात, मग तोंडाकडे बघतात. हे एन्कार्नाला माहीत नव्हतं थोडंच. तिलाही तेच हवं होतं.

प्रार्थना संपली. मुलं चर्चच्या पायऱ्यांवर जमली, हातातली आठवणीची छोटी चित्रं आत्या-मावश्यांना वाटायला लागली. रेयेसच्या नावाचं एक एन्कार्नानं पर्समध्ये ठेवलं. एन्कार्नाच्या मागून चेलोचा आवाज आला.

"आई, बघ तरी तुझी सून काय घेऊन आलीये. ही तुझ्या फ्रेंचांची ना?"

आंगुस्तियासच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचा नंबर अजून लागायचा होता. तिनं पर्स हातात घेतली, नाकाजवळ नेली, कातड्याचा वास घेतला आणि अंगठा शिवणीवरून सावकाश फिरवला, जसा आपण तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतो.

"त्यांचीच," ती म्हणाली. "जुनी आहे. चांगल्या दिवसांतली. कुणाची गं ही?"

खरं एन्कार्नाच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात चेलोनं मान एका बाजूला कलती केली. "भाड्यानं आणलीस का वहिनी?"

एन्कार्नानं रेयेसकडे पाहिलं. का पाहिलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. बुडणारा माणूस जवळ जे असेल ते धरतो, तसं.

आणि पांढऱ्या झग्यातली तिची मुलगी, जिच्या जिभेवरचा पहिला प्रसाद विरघळून अर्धा तासही झाला नव्हता, ती म्हणाली, "आईचीच आहे. बाबांनी पाठवली."

चेलोची मान सरळ झाली. तेवढ्यासाठी, फक्त तेवढ्यासाठी, एन्कार्नाला क्षणभर बरं वाटलं. मग तिनं सासूकडे पाहिलं.

आंगुस्तियासनं पर्स छातीशी धरली होती. "माझ्या कुरोनं?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "कधी बोलला नाही गं मला. कुणाकडून घेतली असेल? ही मूठ बघ चेलो, हात लावून बघ. एक टाका इकडचा तिकडं नाही. हे जुने हात. आजकालच्या पोरींना मरेपर्यंत जमायचं नाही."

ती मूठ एन्कार्नानं मार्चमध्ये शिवली होती. लग्न होऊन आली तेव्हा पहिली तीन वर्षं आंगुस्तियासनं तिची प्रत्येक शिवण उसवली होती. परत कर, पोरी. परत. ह्या बाईच्या तोंडून हे एक वाक्य ऐकायला ती दहा वर्षं थांबली होती. आज ऐकलं, आणि माझं आहे म्हणायची सोय राहिली नव्हती.

संध्याकाळी तिनं कुरोला फोनवर सगळं सांगितलं.

"मग आईनं मला विचारलं तर मी काय सांगू?"

"गाडी चालवतोय म्हण."

"मी सदान्‌कदा गाडीच चालवत असतो, एन्कार्ना."

उद्या सांगते, तिनं ठरवलं. सोमवारी सकाळी आंगुस्तियास रोजच्यासारखी आली ती ठेवणीतला कोट घालून. दारातच उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर अशी लाज होती की लाजायचं खरं तर कुणी, हे एन्कार्नाला टोचलं.

"हसू नकोस मला. नुसतं पावाच्या दुकानापर्यंत. हातात घालून बघते आणि परत देते."

एन्कार्ना तिच्याबरोबर गेली. चढ होता, आंगुस्तियासला रस्ता धड दिसत नव्हता, तरी तिनं पर्सचा हात मोकळा ठेवून दुसऱ्या हातानं भिंत धरली होती. पाववाला म्हणाला, "काय आजी, लॉटरी लागली का?" ती म्हणाली, "मला कशाला, माझ्या सुनेला लागली. मुलगा आहे ना माझा." एन्कार्ना पाव मोजून घेत राहिली. दोनच होते.

मंगळवारी शाळा सुटायच्या वेळेला आंगुस्तियास आली तेव्हा एकटी नव्हती. कारखान्यात तीस वर्षं तिच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्या दोघी तिच्याबरोबर होत्या. एक बहिरी, एक लठ्ठ, दोघींच्या बोटांची पेरं वाकडी झालेली. एन्कार्नानं कॉफी ठेवली. रेयेस गृहपाठ घेऊन कोपऱ्यात बसली. टेबलावर एकीकडे सोलायच्या वालाच्या शेंगा, मधोमध पर्स, आणि भोवती तीन डोकी.

"अस्तर बघ. बकरीचं."

"कडा बघ आधी, कडा. रंगाचे किती थर असतील?"

"काय म्हणतेस?"

"थर म्हणते, थर. बहिरी झालीस ती झालीस, आंधळीपण झालीस का?"

"आंधळी मी आहे," आंगुस्तियास म्हणाली, आणि तिघी मुलींसारख्या हसल्या.

आता बोल, एन्कार्ना मनाशी म्हणत होती. ह्या दोघी गेल्या की. कॉफी झाली की. घंटी वाजली तेव्हा ती उठलीसुद्धा नाही. रेयेस गेली दार उघडायला.

"मालागाला मुलाकडं चालले होते," दारातून दोन्या लेओनोरचा आवाज आला. "म्हटलं वाट वाकडी करावी. एक दिवस आधी आले, चालेल ना? झाली का माझी पर्स?"

त्या आत आल्या. टेबलाशी कुणी हललं नाही. लठ्ठ बाईचा कप तोंडाशी तसाच राहिला. आंगुस्तियासनं तोंड सुनेच्या दिशेला वळवलं. धुकट डोळे तिच्यावर थांबले, मग पर्सवर आले. मग ती उठली आणि दोन्ही तळवे तिनं ॲप्रनला पुसले.

"झालीये की, बाई," ती म्हणाली. "तीच बघत होतो. मी म्हटलं सूनबाईला, गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी माझ्या हाताखालून जाऊ दे. ह्या माझ्या कारखान्यातल्या मैत्रिणी, म्हटलं ह्यांनीही बघावी."

बहिरीनं लगेच मान डोलावली. लठ्ठ बाईनं जराशी थांबून. तिनं जी नजर एन्कार्नावरून अलगद काढून घेतली, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दोन्या लेओनोरनी पर्स दोन्ही हातांनी उचलली. उलटी केली, सुलटी केली. "माझीच आहे ही," त्या म्हणाल्या. "नवी नाही केलीत. माझीच दिलीत मला परत." खटका उघडून त्यांनी आत हात घातला आणि एक सोनेरी काठाचं चित्र बाहेर काढलं. कोकराचं चित्र, खाली रेयेसचं नाव, पहिल्या कम्युनियनचा रविवार. परवाचा.

"आणि हे काय?"

एन्कार्नानं तोंड उघडलं.

"तुमच्यासाठी," रेयेस म्हणाली. "मीच ठेवलं. पर्स उघडल्यावर तुम्हाला छान वाटावं म्हणून."

ह्या वेळी तिनं आईकडे पाहिलं नव्हतं. आईनंही तिच्याकडे नव्हतं पाहिलं. गरजच पडली नव्हती.

दोन्या लेओनोर खाली वाकल्या, त्यांनी तिचे दोन्ही गाल चुंबले. "प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवीन हं बाळा. रोज तुझं नाव घेईन." एन्कार्नाला त्या पुन्हा पुन्हा धन्यवाद देत होत्या. एन्कार्ना पुन्हा पुन्हा मान हलवत होती.

त्या गेल्या. पाठोपाठ त्या दोघींनाही एकदम काहीतरी काम आठवलं. आंगुस्तियास बसून राहिली आणि चाचपडत एकेक शेंग सोलत राहिली.

"मूठ?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मी शिवली."

"कडा?"

"मीच."

"सगळंच तू?"

"खटका सोडून."

दाणे भांड्यात पडत होते. "हे मला रविवारी सांगितलं असतंस ना," आंगुस्तियास म्हणाली, "तर चेलोला तिथंच पायऱ्यांवर ऐकवलं असतं मी. पाववाल्याला ऐकवलं असतं. गावभर सांगत फिरले असते, की हे काम माझ्या सुनेचं आहे, फ्रेंचांच्या तोडीचं." ती थांबली. "आता कुणाला जाऊन काय सांगू, तूच सांग."

तिनं कापडी पिशवी उचलली. एन्कार्ना उठली, तिचा दंड धरायला गेली. आंगुस्तियासनं तो झटकला नाही, नुसता हळूच सोडवून घेतला आणि भिंतीला हात लावत उतरणीला लागली. एन्कार्ना दारात उभी राहिली. हाक मारावी, धावत जावं, सगळं वाटत होतं.

आत आली तेव्हा रेयेस आजीच्या खुर्चीवर बसून उरलेल्या शेंगा सोलत होती. एन्कार्ना तिच्या शेजारी बसली. तिच्या केसांतून हात फिरवावा म्हणून उचलला, आणि मांडीवरच ठेवला.

"आई, शनिवारी फादरकडे पापांची कबुली आहे ना आमची?"

"आहे."

"सगळं सांगावं लागतं तिथं. एक जरी लपवलं तरी चालत नाही."

"हो."

रेयेसनं शेंग सोलली, दाणे मोजल्यासारखे बघितले. "आजचं खोटं माझं आहे. ते मी सांगेन," ती म्हणाली. "पण रविवारचं कुणी सांगायचं? मी, की तू?"