जिन्याची रुंदी

शंकररावांनी घराचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढला होता. पट्टी लावून, पेन्सिलीनं, आणि तीन वेळा खोडून. रबर फिरवून फिरवून कागद एका ठिकाणी इतका पातळ झाला होता की उजेडात धरला तर आरपार दिसे. ती जागा जिन्याची होती.

अंबरनाथ पूर्वेच्या भाड्याच्या खोलीतून ते आणि सुंदराबाई त्या दिवशी सकाळीच उल्हासनगरला आले होते. बदलापूरजवळ सोनिवलीला त्यांनी जागेचा एक लहानसा तुकडा घेऊन ठेवला होता. मुलगा बुद्धभूषण नाशिकला नोकरीला. त्यानंच सुचवलं होतं, "बाबा, या वयात विटा-सिमेंटच्या मागं कुठं धावता? तयार घर घ्या. कारखान्यात बनतं, ट्रकवरून येतं, चार दिवसांत उभं राहतं." घराचे दोन प्रकार होते. एक बैठं, वीस बाय दहाचं. दुसरं तेवढ्याच जागेवरचं, पण वर एक खोली असलेलं. शंकररावांनी मनाशी वरच्या खोलीचं घर ठरवून टाकलं होतं. सुंदराबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बघू." गेली दोन वर्षं त्या कशालाही बघूच म्हणत.

खूबचंद शेठच्या यार्डात एकीकडे लोखंडी चौकटी आणि दुसरीकडे पांढऱ्या पॅनलांच्या थप्प्या होत्या. इंजिनिअरांची साइटवरची ऑफिसं, वॉचमनच्या खोल्या हा शेठचा मूळ धंदा. दोन वर्षांपूर्वी पूर येऊन गेल्यावर राहत्या घरांसाठीही लोक यायला लागले होते.

"आओ साईं, आओ. जयभीम," शेठ खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाला. "आज फायनल करून टाका. उद्या सकाळी तुमचं पॅनल कटिंगला जाणार. एकदा जिन्याचं भोक पाडलं की ते काय बुजत नाय हां."

"ठरलंच आहे," शंकरराव म्हणाले आणि त्यांनी खिशातला कागद काढला.

"कागद राहू द्या. कागदावर कुणाला घर समजत नाय. चंदर! चुना आण."

यार्डाची ती रीतच होती. गिऱ्हाईकानं निवडलेलं घर फिटर आधी जमिनीवर चुन्याच्या रेघांनी खऱ्या मापाचं आखून द्यायचा. गिऱ्हाईकानं त्यात हिंडायचं, बसायचं, वाटलं तर आडवं व्हायचं. मग हो म्हणायचं. चंदर वांगणीकडच्या पाड्यावरचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं दोरी ताणली, मुठीतून चुना सोडत गेला, आणि बघता बघता मातीवर घर उमटलं. दार, मोरी, ओटा. कोपऱ्यात तेरा आडव्या रेघा मारून तो म्हणाला, "ह्यो जिना."

सुंदराबाईंनी दारात चपला काढल्या. शेठ हसला, पण त्या तशाच अनवाणी आत गेल्या. ओट्याच्या जागी उभं राहून त्यांनी हात लांब करून पाहिला. मोरीच्या रेघेपर्यंत पावलं मोजली. मग घराच्या मधोमध उभ्या राहून चारी बाजूंना मान फिरवली.

"फोटो कुठं?"

भगवान बुद्ध आणि बाबासाहेब एकाच चौकटीत असलेला तो फोटो त्यांच्या लग्नापासूनचा होता.

"वर," शंकरराव म्हणाले. "पूर्वेच्या भिंतीला. खाली लावला तर त्याच्या डोक्यावर आपण चालणार. ते बरं दिसत नाही."

"ते खरं. आणि वंदना?"

"वंदनेचं काय?"

"सकाळ-संध्याकाळ मेणबत्ती लावायला वर कोण जाणार?"

शंकररावांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. आलेखाच्या कागदावर त्यांनी फोटोची जागा आखली होती, पुस्तकांच्या फळ्या आखल्या होत्या, खिडकीतून उजेड कुठं पडेल तेही आखलं होतं. सुंदराबाईंचे गुडघे मात्र त्या कागदावर कुठंच नव्हते.

"मी लावेन," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही? पस्तीस वर्षांत कधी काडी ओढलीत का? लावायला गेलात तर हातातलं पुस्तकच पेटवाल."

चंदर खुदकन हसला आणि लगेच दोरी गुंडाळू लागला.

शेडच्या टोकाला नमुन्याचं दुमजली घर उभं होतं. सुंदराबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या सरळ त्याच्या जिन्यापाशी गेल्या. लोखंडी, अरुंद, एका माणसापुरता जिना. "अगं, कशाला?" शंकरराव म्हणेपर्यंत त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता.

एक पाय वर, मग दुसरा त्याच्या शेजारी. मग श्वास. पुन्हा एक पाय. डावा हात कठड्याला घट्ट. उजवा खांद्यातून फारसा उचलत नसे, तो नुसता भिंतीला टेकवलेला. शेठनं मागवलेला चहा आला. कपावर साय धरली. शंकरराव खाली उभे राहून पायऱ्या मोजत होते. सातव्या पायरीशी त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या वेळात धडधाकट माणूस ओझं घेऊन दोनदा वर जाऊन येईल. आणि ते लक्षात येताच त्यांनी मोजणं सोडून दिलं.

कारण ते दोनदा वर गेले होते. बदलापूर पश्चिमेला, नदीकडच्या चाळीत, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत. पाणी उंबऱ्यावरून आत आलं तेव्हा त्यांनी आधी पुस्तकांचं एक खोकं उचललं, शेजारच्या शशिकांतच्या गच्चीवर नेलं, आणि दुसऱ्यासाठी खाली आले. "माझ्या मागोमाग ये," असं सुंदराबाईंना दोन्ही वेळा म्हणाले होते. दुसऱ्या खोक्यावर गोणपाट टाकत असताना खालून ओरडा आला. शशिकांतनं सुंदराबाईंच्या उजव्या काखेत दोर अडकवून त्यांना ओढून घेतलं तेव्हा पाणी त्यांच्या गळ्याशी होतं. दोन्ही हात वर होते आणि हातांत फोटो होता. त्यानंतर त्या दोघांत त्या दिवसाबद्दल एक अक्षरही निघालं नव्हतं.

"आले बघा वर!" वरून आवाज आला. मग थोड्या वेळानं, जरा बारीक, "आता खाली कशी येऊ?"

"मी येतो," शंकरराव म्हणाले.

वरच्या खोलीत सुंदराबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. खोलीला नव्या रंगाचा वास होता. शंकरराव त्यांच्या शेजारी बसले. आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण वेळेला एक वाक्य हाताशी येईल तर शपथ.

"तुम्ही दोनदा गेलात," सुंदराबाईच बोलल्या. खिडकीकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तशा. "मी मोजलं होतं."

"मला वाटलं तू मागं आहेस."

"मागंच होते की. तुम्ही वळून बघितलं नाहीत."

खाली कुणीतरी पॅनल कापायचं यंत्र चालू केलं. ते थांबलं तेव्हा शंकरराव बोलले.

"मी चुकलो, सुंदरा."

त्यांनी मान हलवली. माफ केल्याची नव्हे, ऐकलं, एवढीच. मग म्हणाल्या, "त्या खोक्यांचं काय केलंत? दोन वर्षं पलंगाखाली पडलीत. दोरीसुद्धा सोडली नाहीत. मला काय दिसत नाही? वाचल्याशिवाय झोप न येणारा माणूस नुसता आढ्याकडं बघत पडतो. आणि आता वर खोली कुणासाठी? माझ्यासाठी म्हणू नका."

"पाण्यासाठी," शंकरराव म्हणाले. "पुन्हा आलं तर तुला वर—"

"पाणी आल्यावर मी वर जाणार? या जिन्यानं?" सुंदराबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही मोजत होतात ना खाली? किती वेळ लागला मला?"

शंकररावांना उत्तर माहीत होतं. त्यांनी जिन्याच्या भोकाकडे पाहिलं.

"अहो, घरच वर ठेवा. सगळं. फोटो, ओटा, खोकी, मी. पाणी येईल तेव्हा मी आधीच वर असेन. मग कुणी कुणाच्या मागं यायला नको."

खाली येताना शंकरराव एक पायरी खाली, तोंड जिन्याकडे करून उतरत होते. सुंदराबाईंचं एकेक पाऊल हातानं धरून पुढच्या पायरीवर ठेवत होते. तेरा पायऱ्यांना तेरा वेळा. यार्डातले कामगार बघत होते. एरवी लाजेनं त्यांचे कान तापले असते. आज तिकडे बघायला त्यांना सवडच नव्हती.

"बैठं," खाली पोचल्यावर ते म्हणाले. "शेठ, बैठं घर. पण खांबांवर."

"अरे साईं!" शेठनं कपाळाला हात लावला. "एवढा नकाशा काढला, जिना काढला, आता बैठं? मग पुस्तकं कुठं ठेवणार?"

"एका भिंतीला जेवढी मावतील तेवढी. बाकीची आमच्या विहारात देईन, तिथं पोरं वाचतील." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "सोनिवलीला शेजारच्या भिंतीवर पाण्याची खूण साडेचार फुटांवर आहे. मी मोजली आहे. आपण साडेपाच फूट घेऊ. चंदर, झेपेल?"

चंदरनं बोटांवर काहीतरी हिशेब केला. "बैठ्याचा वजन कमी. आठ खांब टाकू, पाया खोल घेऊ. झेपंल, काका."

"आणि फोटोची फळी हिच्या छातीच्या उंचीला."

"एवढ्या खाली?" शेठ म्हणाला. "देवाचा फोटो लोक वर लावतात."

"तो देव नाही," सुंदराबाई म्हणाल्या. "आणि माझा हात तेवढाच वर जातो."

चंदरनं पायानं चुन्याचा जिना पुसला आणि घराच्या बाहेर, दारासमोर नव्या रेघा मारायला घेतल्या. सहा-सहा इंचांच्या अकरा पायऱ्या, मध्ये टेकायला एक चौथरा, दोन्ही बाजूंना कठडे. मारता मारता तो थांबला.

"रुंदी किती ठेवू? आमचा नेहमीचा अडीच फूट."

"नको," शंकरराव म्हणाले. "दोन माणसं बरोबरीनं चढतील एवढी."

"दोन म्हंजी कोन दोन? सगळी मानसं काय एका मापाची नसतात."

शंकरराव सुंदराबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. चंदरनं टेप सोडला, एक टोक त्यांच्या खांद्याला लावलं, दुसरं सुंदराबाईंच्या. मग मान हलवली.

"मधी कशाला एवढी जागा सोडलीय? अजून सरका, काका."

शंकरराव सरकले. सुंदराबाईंचा न उचलणारा उजवा हात त्यांच्या डाव्या हाताला लागला, आणि तिथंच राहिला.

"तीन फूट दोन इंच," चंदर म्हणाला.

"साडेतीन धर," सुंदराबाई म्हणाल्या. "यांच्या हातात एखादं पुस्तक असेलच."