सर एडमंड यांची तपकिरीची डबी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची डबी आहे. माझ्यात पूर्वी तपकीर असे. तंबाखूची ती पूड चिमटीने नाकात ओढली की सणसणीत शिंक येते. आता माझ्या मालकीणबाई नीताताई माझ्यात कुंकू ठेवतात. बढतीच झाली म्हणायची!

माझा जन्म तीनशे वर्षांपूर्वी लंडनच्या एका सोनाराकडे झाला. सर एडमंड थॉर्नबी नावाच्या जमीनदाराने मला विकत घेतले. मेंढ्यांचे कळप, गव्हाची शेते, दगडी हवेली, सरांकडे सगळे होते. नव्हते ते फक्त चारचौघांत बोलायचे धाडस. घरी कुत्र्यांवर खेकसत, पण सभेत तोंडाला कुलूप.

एकदा शेजारच्या सरदाराने गावच्या गायरानाला कुंपण घालण्याचा घाट घातला. मग गरिबांच्या गाईंनी चरायचे कुठे? कुंपणाला संसदेची मंजुरी लागे, म्हणून सर चिडून निवडणुकीला उभे राहिले. त्या काळी मत सर्वांसमोर मोठ्याने सांगावे लागे, आणि सरदार समोर बसून डोळे वटारत होता. तरी शेतकऱ्यांनी सरांचेच नाव घेतले. सर संसदेत गेले.

कुंपणाचा कायदा आला, तेव्हा सर बोलायला उठले. भीतीने त्यांनी मोठी चिमूट ओढली आणि असे शिंकले, की पुढच्या माणसाचा केसांचा टोप उडाला. सारी सभा खो-खो हसली. इथेच माशी शिंकली, असे मला वाटले. पण सरही हसले आणि हसता हसता त्यांची जीभ सुटली. ते इतके तळमळीने बोलले, की कायदा बारगळला. गायरान वाचले! त्या दिवशी मी त्यांच्या खिशात मिरवत गावी परतले.

सर गेले आणि मी अडगळीत पडले. काळीठिक्कर झाले. अखेर लंडनच्या जुन्या बाजारात बँकेत काम करणाऱ्या शिरीष नावाच्या गृहस्थांनी मला पाहिले. ते सिंगापूरहून कामासाठी तिकडे आले होते. दुकानदाराने त्यांना सरांची गोष्ट सांगितली आणि मी विमानाने सिंगापूरला, मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये आले. नीताताई त्यांच्या पत्नी. त्यांनी मला दंतमंजनाने घासले आणि माझे रूप परत आले.

त्यांची मुलगी चैत्राली इंग्रजी शाळेत जाई. शिरीष यांच्या आई, सुरेखाआजी, पुण्याहून राहायला आल्या होत्या.

"बाळा, थालीपीठ खाशील?" आजी विचारत.

"कॅन ला, आजी!" चैत्रालीचे उत्तर सिंगापुरी इंग्रजीत येई. म्हणजे, 'हो, चालेल की!'

एकदा आजी नीताताईंना म्हणाल्या, "सख्खी नात गं माझी, पण बोलायला दुभाषा लागतो."

चैत्रालीला मराठी समजत होती. ते वाक्य तिला फार लागले. तिने मराठी मंडळाच्या कथाकथन स्पर्धेत नाव दिले, बाबांकडून सरांची गोष्ट शिकून घेतली आणि आजींना पहिल्या रांगेत बसवले.

मी तिच्या मुठीत होते. मूठ घामाने भिजली होती. गोष्ट रंगली आणि ती ठसक्यात म्हणाली, "मग लोकांनी सरांना निवडून टाकलं!"

सभागृहात हशा पिकला. निवडून टाकतात ते तांदळातले खडे! तिला 'निवडून दिलं' म्हणायचे होते. चैत्रालीचा चेहरा उतरला. नीताताई शब्द सुचवायला उठल्या, तर आजींनी त्यांचा हात धरला.

"बस खाली. ती बोलेल."

चैत्रालीने आजींकडे पाहिले. मग तिलाच हसू फुटले.

"हो, टाकलं! थेट संसदेत टाकलं! खडाच होते ते. त्या सरदाराच्या दाताखाली आले ना!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. आजी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. पहिले बक्षीस चैत्रालीलाच मिळाले. घरी जाताना बसमध्ये आजी आणि नात अशा गप्पांत रंगल्या, की नीताताईंना मधे बोलायला जागाच मिळाली नाही. मित्रांनो, संसदेतल्या विजयाहून हा विजय मला मोठा वाटला!

चांदी हाताळली तर उजळते, कपाटात बंद ठेवली की काळी पडते. तुमच्या घरच्या भाषेचेही तसेच आहे. तिला जपा, म्हणजे वापरा. चुकलात तर लोक हसतील. तुम्हीही हसा, आणि पुढचे वाक्य बोला.