बाईंच्या हातावरचा तुकडा

त्या दिवशी सातवीच्या वर्गात त्वचेचा धडा शिकवताना बाईंनी दरवर्षीसारखी उजवी बाही वर सारली आणि मला मुलांसमोर धरलं.

मित्रांनो, मी त्वचेचा एक जुना तुकडा आहे. मूळचा मांडीवरचा. बाईंचा हात भाजला तेव्हा डॉक्टरांनी मला पातळ सोलून इथे लावलं. बदली होऊन आलेल्या कारकुनासारखा मी आधी परकाच होतो. चार-पाच दिवसांनी खालच्या रक्तवाहिन्यांनी मला आपलं म्हटलं. घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं मात्र मागेच राहिली. म्हणून उन्हाळ्यात शेजारची त्वचा घाम गाळून गार होते आणि मी नुसता तापतो. तरी जंतूंना आत येऊ न देण्यात मी कधी कुचराई केली नाही. बाईही मला रोज तेल चोळत.

"बाई, अजून दुखतं?" एकाने विचारलं.

"दुखत नाही रे. खाजतं मात्र मेलं."

मुलं हसली. मग बाईंनी ठरलेलं वाक्य म्हटलं, "माझाच हलगर्जीपणा. उकळत्या पाण्याचं पातेलं ओट्याच्या कडेला ठेवलं होतं मी."

ते खरं नव्हतं. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीने ते ओढलं होतं. बाईंनी मध्ये हात घातला.

ती लेक सातवीत आली, तेव्हा याच वर्गात बसून हा धडा शिकली. सगळे माझ्याकडे बघत होते, ती वहीत. तिची मान लाल झाली होती. लाज वाटली की रक्त वर आणून दाखवणं, हेही आम्हा त्वचेचंच काम. मोठेपणीही तिने मला कधी हात लावला नाही.

यंदाच्या धड्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्याच नाहीत. हृदय थांबलं तरी आम्ही काही तास तग धरतो, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. घरी शाळेची माणसं जमली. बाईंनी स्वतःची चूक कधी झाकली नाही, असं मुख्याध्यापक मुलांना हळू आवाजात सांगत होते.

लेकीने पहिल्यांदाच माझ्यावर तळवा ठेवला. मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी सोसलं असेल, तर त्या माणसाला ऐकू येतंय तोवर सांगून टाका. मला तेवढंच सांगायचं होतं.

"सर, चूक आईची नव्हती," ती म्हणाली. "पातेलं मी ओढलं. ती नको म्हणाली होती, तरी ओढलं. आणि तीस वर्षं गप्प बसले."