बिबट्याचा वड

आमच्या गॅलरीतून बिबट्या दिसतो. बिल्डरच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहिलेलं, ते एवढ्यापुरतं खरं निघालं. खाली उद्यान, उद्यानात छोटं प्राणिसंग्रहालय, त्यात जाळीमागे एक म्हातारा बिबट्या आणि जाळीच्या आतच एक वड. झाडं आमच्या सोसायटीतही आहेत, पण सगळी पामची. त्यांना सावली पाडणंसुद्धा जमत नाही.

दिव्याहून आम्ही ठाण्याला आलो ते पाण्यासाठी. तिकडे नळ कोरडा असायचा. इथे नळाला चोवीस तास पाणी आलं आणि सर्वेशदादाच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी त्याला दिवसाला दोन पेले ठरवून दिले. वल्लरीवहिनी मापून द्यायची. दादा पेल्याकडे बघत म्हणायचा, “अपूर्व, दिवाच बरं होतं रे. तिकडे कुणालाच मिळायचं नाही.”

मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या. दादाची कॉट आम्ही गॅलरीच्या दाराशी लावली. बिबट्याचंही खाणं सुटलेलं. तो वडाच्या बुंध्याला टेकून पडलेला असायचा, दादा उशीला टेकून.

“डॉक्टर एकच दिसतोय आमचा,” दादा म्हणायचा. “बघू, पहिला नंबर कोणाचा लागतो.”

वहिनीला हे बोलणं सहन व्हायचं नाही. एरवी ती वटपौर्णिमेला बाजारातली वडाची फांदी कुंडीत खोचायची आणि ऑफिसला पळायची. यंदा म्हणाली, “फांदी नको. तिचंच आयुष्य दोन दिवसांचं, ती ह्यांना काय देणार? मुळं असलेला वड पाहिजे.”

मुळं असलेला वड आसपास एकच होता.

बिबट्याचं सगळं मारुतीकाका बघायचे. वहिनीने त्यांच्यापुढे हात जोडले, तसे ते पाघळले. “ताई, तुम्हाला आत सोडलं तर माझी नोकरी जाईल. सूत द्या, मी गुंडाळतो. फक्त आमच्या मंडळींना कळू देऊ नका, मी दुसऱ्याच्या नवऱ्यासाठी फेरे घेतले म्हणून.”

साफसफाईच्या वेळी बिबट्याला मागच्या खोलीत कोंडायचं आणि मग आत जायचं, असं ठरलं. बिबट्या उठेचना. काकांनी काठी वाजवली, कोंबडी दाखवली. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

“ह्याच्यात आता काय राहिलंय,” म्हणत काका तसेच आत शिरले.

वहिनी जाळीबाहेर लग्नातली साडी नेसून, डोळे मिटून उभी. मी व्हिडिओ कॉलवर दादाला दाखवत होतो. दुसऱ्या फेऱ्याला माझ्या लक्षात आलं, बिबट्या बुंध्याला चिकटून पडलाय आणि सूत त्याच्या पोटावरून चाललंय.

“वहिनी, काका ह्यालापण गुंडाळतायत.”

तिने डोळे उघडले. काका थबकले. “तोडू का, ताई?”

“तोडायचं नसतं.” तिचा चेहरा पार उतरला. “अर्धवटही सोडायचं नसतं. घ्या फेरे.”

“अगं, पण...” मी म्हटलं.

“घ्या म्हटलं ना!”

सात झाले. फोनमधून दादा हसत होता, खोकला येईपर्यंत. “वल्ली, आता सात जन्म हाच! मटण शिकून घे.” वहिनी पदर तोंडाशी धरून हसली. मीपण हसलो. त्यानंतर आम्ही तिघं एकदम कधी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी बिबट्याने कोंबडी खाल्ली. तिसऱ्या दिवशी उठून फिरायला लागला, पाठीवर सुताचा गुंता घेऊन. काकांचा फोन आला, “ताई, गुण आला!” मग कुणाला यायला हवा होता ते त्यांना आठवलं असावं. फोन कट झाला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दादाने तिसरा पेला मागितला.

“आजचे झाले ना,” वहिनी म्हणाली. “सकाळी देते.”

सकाळी पेला भरलेला होता.

तेराव्याला सोसायटीतल्या बायका एकमेकींच्या कानात बोलत होत्या. मी वहिनीला सांगितलं, बिबट्याचं औषध बदललेलं, त्याने तो सुधारला, मारुतीकाकांनीच सांगितलं. वहिनीने मान हलवली. सांगताना माझाही विश्वास नव्हता.

परवा म्हटलं, “फ्लॅट विकून टाकू. दिव्याला परत जाऊ.”

“आणि ह्याच्याकडे कोण बघणार?”

ती गॅलरीत उभी होती. खाली बिबट्या हौदाशी आला, मान खाली घातली आणि लपालप प्यायला लागला. खूप वेळ पीत होता. ऊन लागतंय, आत चल, असं मी दोनदा म्हटलं.

“थांब रे,” वहिनी म्हणाली. “त्याचं होऊ दे. ह्याला कुणी मापून देत नाही.”